'हूज'चा धडा आणि दोन स्वल्पविराम

मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत माझे काका एका लहान कारखान्याचे हिशेब पाहतात. गेल्या सुटीत मी त्यांच्या हाताखाली पत्रे लिहावयास बसलो. चाळीस खोकी माल आला होता. त्यातील सहा खोक्यांची सीले तुटलेली. मी पुरवठादाराला ऐटीत लिहिले : 'द बॉक्सेस, हूज सील्स वेअर ब्रोकन, आर बीइंग रिटर्न्ड.' काकांनी वाचून विचारले, "अरे, चाळीसही खोकी परत करतोस की काय?"

घोटाळा दोन स्वल्पविरामांनी केला होता. ते घातले की सगळ्याच खोक्यांची सीले तुटली, असा अर्थ होतो. काढले की फक्त तेवढीच खोकी. मराठीत 'ज्या खोक्यांची सीले तुटली, ती' म्हटले की 'ज्या–ती'ची जोडीच निवड करून देते.

हीच जोडी मात्र इंग्रजीत आपल्याला दगा देते. 'ज्याचे पैसे बाकी आहेत त्याने' या चालीवर आपण 'हूज'ने वाक्य सुरू करतो. इंग्रजीत आधी नाम हवे : 'द डीलर हूज पेमेंट इज ड्यू'. कानडीत तर 'बाकी इरुव व्यापारि' म्हणून मोकळे होता येते; आजोळच्या कानडीत विचार करताना माझ्या लेखणीतून 'पेमेंट पेंडिंग डीलर' असा कडबोळे प्रकार उतरतो!

मराठी 'ज्याचा, जिची, ज्यांचे' यांत पुढचा भाग मालकाप्रमाणे आणि शेवट वस्तूप्रमाणे बदलतो. 'हूज' कधीच बदलत नाही. त्याच्यामागून 'द' किंवा 'हिज' घालू नये. स्पेलिंगमध्ये अपॉस्ट्रॉफी आली तर तो 'हू इज' होतो. शंका आल्यास 'हू इज' घालून वाक्य वाचून पाहावे.

निर्जीव वस्तूला 'हूज' चालत नाही, असे पुष्कळांना वाटते. मलाही वाटे. परंतु जुन्या इंग्रजीत 'कोण' आणि 'काय' या दोहोंची षष्ठी एकच होती, तिच्यातूनच हा शब्द आला. तेव्हा 'द मकरपुरा पॅलेस, हूज बिल्डर वॉज खंडेराव गायकवाड' हे बिनदिक्कत लिहावे. येथे स्वल्पविराम हवाच, कारण राजवाडा एकच आहे; त्यातून निवडायचे काय?

काकांनी पत्र पुन्हा टाइप करावयास लावले. सहा खोकी टेंपोत चढली, चौतीस त्याच दुपारी फोडली.