पॅकेजची पुनर्स्थापना : होकारापूर्वीचे वाचन

काही वर्षांपूर्वी आकुर्डीतील आमच्या संगणक कक्षात एका संगणकावर मराठी अक्षरांऐवजी रिकामे चौकोन उमटू लागले. आम्ही घाईने तो संगणक 'फॉर्मॅट' करविला. अक्षरे परतली, परंतु १९७२ च्या दुष्काळानंतर गाव सोडून या औद्योगिक पट्ट्यात आलेल्या आजींना विचारून दहावीच्या मुलींनी लिहिलेल्या आठवणी कायमच्या पुसल्या गेल्या. इतिहास शिकविणाऱ्यांच्याच हातून इतिहासाची साधने नष्ट व्हावीत, याहून मोठी नामुष्की कोणती? त्या चुकीने दिलेला धडा माजी विद्यार्थी व पालकांपुढे ठेवीत आहोत.

वस्तुतः बिघाड लहान होता. आमचे संगणक उबुंटू या लिनक्स प्रणालीवर चालतात. तीत प्रत्येक साधन 'पॅकेज' म्हणून येते आणि कोणते पॅकेज कोणावर अवलंबून आहे, याची नोंद पॅकेज मॅनेजर ठेवतो. १९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियन प्रकल्पाचा 'ॲप्ट' हा मॅनेजर उबुंटूनेही स्वीकारला. मराठी अक्षरे दाखविणारा 'लोहित देवनागरी' फॉन्ट हेही असेच एक पॅकेज. तेवढेच पुन्हा बसविणे पुरेसे होते.

पुनर्स्थापनेपूर्वी तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात : पॅकेजच्या मूळ फायली, 'ईटीसी' फोल्डरमधील मांडणी आणि 'होम' फोल्डरमधील आपले लेखन. पुनर्स्थापनेने केवळ मूळ फायली नव्या होतात. आपण बदललेली मांडणी सहसा तशीच राहते. म्हणून दोष मांडणीत असेल, तर पुनर्स्थापनेने तो जात नाही. दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावाने प्रवेश करून पाहावा. तेथे सर्व सुरळीत असेल, तर दोष बहुधा पहिल्याच्या वैयक्तिक मांडणीत असतो. 'रिमूव्ह' व 'पर्ज' यांतील भेदही ध्यानी ठेवावा : पहिल्याने ईटीसीतील मांडणी उरते, दुसऱ्याने तीही जाते.

आता क्रम पाहू. आज्ञा रोमन अक्षरांत टंकाव्या लागतात. येथे त्यांचे उच्चार दिले आहेत.

१. होम व ईटीसी यांची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी.

२. 'डीपीकेजी व्हेरिफाय'ने पॅकेजच्या फायली मुळाबरहुकूम आहेत का, ते तपासावे. अस्सल कागदाशी नक्कल ताडून पाहावी, तसेच हे काम आहे.

३. 'सुडो ॲप्ट अपडेट'ने उपलब्ध पॅकेजांची यादी ताजी करावी.

४. 'ॲप्ट इन्स्टॉल'ला 'रीइन्स्टॉल' व 'सिम्युलेट' हे पर्याय जोडून, पॅकेजचे नाव देऊन रंगीत तालीम करावी. तीत प्रत्यक्ष काहीच बदलत नाही.

५. काढल्या जाणाऱ्या पॅकेजांचा आकडा शून्य असेल, तरच 'सिम्युलेट' वगळून आणि 'सुडो' जोडून तीच आज्ञा द्यावी. आकडा शून्य नसेल, तर तेथेच थांबून कारण शोधावे.

६. मध्येच वीज गेली, तर घाबरून सर्व पुसू नये. 'सुडो डीपीकेजी कॉन्फिगर' या आज्ञेला 'ए' पर्याय जोडल्यास अर्धवट राहिलेली मांडणी पूर्ण होते.

दुकानात 'फॉर्मॅट मारून देऊ' असे सांगितले जाते, तेव्हा पालकांनी एवढे अवश्य विचारावे : मुलांचे लेखन कोठे ठेवले आहे? संगणक पुन्हा उभा करता येतो. त्या आजींपैकी काही आज हयात नाहीत. त्यांच्या आठवणी पुन्हा कोण सांगणार? म्हणून पडद्यावरील यादी शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी आणि मगच होकार द्यावा.