फाईल आहे, पण सापडत नाही!

बारामतीच्या बसस्थानकावर कोणी ‘माळेगावला जातोय’ म्हणाले, तर ऐकणाऱ्याला लगेच समजते. साखर कारखान्याचे माळेगाव बुद्रुक! हेच वाक्य नांदेड जिल्ह्यातल्या लोह्याला उच्चारले, तर लोक खंडोबाच्या यात्रेचे माळेगाव दाखवतील. शब्द तोच, पण बोलणारा उभा कोठे आहे त्यावरून गाव बदलले. शिवाय बारामती तालुक्यातच माळेगाव खुर्दही आहे. (फारसीत ‘बुजुर्ग’ म्हणजे मोठे, ‘खुर्द’ म्हणजे लहान.)

विद्यार्थी मित्रांनो, वेबसाईट बनवताना नेमका हाच घोटाळा होतो. पीएचपी ही सर्व्हरवर चालणारी भाषा आहे. रासमुस लेरडॉर्फ यांनी ती १९९५ साली जगापुढे आणली. तिच्यात एक फाईल दुसरीला ‘इन्क्लूड’ या शब्दाने बोलावून घेते. बोलावलेली फाईल मिळाली नाही, की पडद्यावर इशारा येतो : ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. आपण फोल्डर उघडून पाहतो, तर फाईल तेथे हजर!

एक उदाहरण घेऊ. समजा, ‘शाळा’ या फोल्डरात मुखपृष्ठाची फाईल आहे. तिच्याशेजारी ‘निकाल’ व ‘सामाईक’ असे दोन फोल्डर आहेत. ‘सामाईक’मध्ये ‘मथळा’ आणि ‘यादी’ या फाईली आहेत. दहावीचे पान ‘निकाल’मध्ये आहे. दहावीचे पान मथळ्याला बोलावते आणि मथळा यादीला बोलावतो. मथळ्यात यादीचा पत्ता असा दिला आहे : ‘एक पायरी वर जा, मग सामाईकमध्ये शिरा’. (पायरी वर जाण्याची खूण म्हणजे दोन टिंबे व तिरकी रेघ.)

दहावीचे पान व्यवस्थित उघडते. मात्र मुखपृष्ठाने तोच मथळा बोलावला, की यादी ‘हरवते’. असे का? दोन टिंबांनी सुरू होणारा पत्ता पीएचपी मथळ्याच्या जागेपासून मोजत नाही. ती चालू फोल्डरापासून मोजते, आणि ब्राउझरने मागितलेले मूळ पान जेथे असते तोच सहसा चालू फोल्डर असतो. ‘निकाल’पासून एक पायरी वर म्हणजे ‘शाळा’; तेथे ‘सामाईक’ आहे. मुखपृष्ठापासून एक पायरी वर गेलो, की आपण शाळेच्याच बाहेर पडतो! तेथे ‘सामाईक’ कोठून असणार?

उपाय सोपा आहे. पत्ता फाईलीच्या स्वतःच्या जागेपासून द्यावा. त्यासाठी ‘डीआयआर’ हा शब्द कॅपिटल अक्षरांत, मागेपुढे दोन-दोन अधोरेखा देऊन लिहितात. २००९ साली आलेल्या ५.३ या आवृत्तीपासून तो उपलब्ध आहे. ‘मी ज्या फाईलीत लिहिलेला आहे, तिच्या फोल्डराचा पूर्ण पत्ता’ असा त्याचा अर्थ. त्याला तिरकी रेघ आणि यादीचे नाव जोडले, की पान कोठूनही उघडा, यादी सापडतेच. हा नियम न पाळल्यास आणखी एक फजिती होते. ब्राउझरातून बिनचूक चालणारा प्रोग्रॅम रात्री ठरावीक वेळी आपोआप चालवायला लावला, की अडतो. कारण तेव्हा चालू फोल्डर निराळाच असतो.

दुसरे कारण अक्षरांचे. नाशिक जिल्ह्यातले गाव मालेगाव, आपले माळेगाव. ल आणि ळ यांत फरक न करणारा माणूस दोन्ही एकच समजेल. विंडोज साधारणपणे तसेच वागते. फाईलच्या नावात ‘एच’ कॅपिटल की स्मॉल, याकडे ते लक्ष देत नाही. लिनक्सला मात्र ती दोन वेगळी नावे वाटतात. त्यामुळे घरच्या संगणकावर चाललेले पान लिनक्सच्या सर्व्हरवर चढवताच कोलमडते. माझे दोन दिवस एकदा अशाच एका कॅपिटल अक्षराने खाल्ले. तेव्हापासून मी सगळी नावे स्मॉल अक्षरांतच ठेवतो.

दोष शोधताना आधी इशारा शब्दशः वाचावा. त्यात मागितलेला पत्ता आणि ओळीचा क्रमांक असतो. ‘परमिशन डिनाइड’ असे आले, तर प्रश्न हक्काचा आहे; तेथे पत्ता दुरुस्त करत बसू नये. ‘४०४’ आले, तर बहुधा ब्राउझरने मागितलेले पानच सर्व्हरला मिळालेले नाही. आतल्या इन्क्लूडपर्यंत गाडी पोचलीच नाही. पत्त्याचीच शंका असेल, तर ‘गेट-सीडब्ल्यूडी’ या फंक्शनने चालू फोल्डर छापून पाहावा व तेथून एकेक पायरी बोटाने मोजावी. चूक बहुधा तिसऱ्या पायरीच्या आत सापडते!

इन्क्लूडची फाईल मिळाली नाही, तर पीएचपी इशारा देऊन पुढे चालू लागते. ‘रिक्वायर’ मात्र तेथेच थांबते. मथळ्यावरचे चित्र नसले तर बिघडत नाही. पण उत्तीर्णतेचे नियम असलेली फाईल गळाली आणि निकालाचे पान तसेच पुढे छापले गेले, तर? तेथे रिक्वायरच हवे. आणि हे इशारे लोकांसाठी खुल्या केलेल्या पानावर दिसू देऊ नयेत, कारण त्यांत सर्व्हरच्या आतल्या फोल्डरांचे पत्ते असतात. ते सर्व्हरवरच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, उतरवून घ्यावेत आणि आपण तेथे वाचावेत.