नोंदींना दोन वाटा

कोल्हापूरच्या दक्षिणेस असलेला कळंबा तलाव एकोणिसाव्या शतकापासून शहराच्या काही भागाची तहान भागवीत आला आहे. तथापि 2019 साली शहराचे बहुतांश पाणी शिंगणापूर, बालिंगे अशा नदीकाठच्या उपसा केंद्रांतून येत होते. त्या वर्षीच्या ऑगस्टमधील महापुरात ही केंद्रे पाण्याखाली गेली. नदी दुथडी भरून वाहत असता नळ मात्र कोरडे पडले. साधने दोन असली, तरी एकाच आपत्तीत दोन्ही सापडत असतील, तर ती दोन नव्हेत, हा त्या प्रसंगाचा बोध होय. संगणकातील नोंदींनाही तोच नियम लागू पडतो.

सातबारा उतारा, जन्ममृत्यूची नोंद, निवृत्तिवेतनाचा हिशेब हे सारे आज संगणकात साठविले जाते. मोठ्या केंद्रांत काम करणारे संगणक, म्हणजे सर्व्हर, एकीकडे आणि नोंदी साठविणारा डिस्कसंच दुसरीकडे, अशी व्यवस्था बहुधा असते. या दोहोंना ऑप्टिकल फायबरने जोडणाऱ्या जाळ्यास 'स्टोरेज एरिया नेटवर्क' म्हणतात. ही जोडणी तुटली, तर नोंद शाबूत असूनही उतारा निघत नाही.

उभारणीची रीत

यास्तव प्रत्येक टप्पा दुहेरी ठेवावा लागतो. सर्व्हरमध्ये दोन जोडणी कार्डे बसवावीत. एक कार्ड पहिल्या स्विचला आणि दुसरे दुसऱ्या स्विचला जोडावे. डिस्कसंचाचे नियंत्रकही दोन असावेत व प्रत्येकाची जोडणी दोन्ही स्विचना असावी. अशा रीतीने चार मार्ग सिद्ध होतात. हे चारही मार्ग एकाच साठ्याकडे जातात, हे सर्व्हरला उमजावे म्हणून 'मल्टिपाथ' ही आज्ञावली आवश्यक असते. ती नसल्यास एकच साठा चार वेगवेगळे साठे असल्याप्रमाणे दिसतो.

दोन्ही स्विच एकमेकांना जोडू नयेत. जोडल्यास एकातील चुकीची मांडणी दुसऱ्यातही पसरू शकते. केबली निरनिराळ्या मार्गांनी न्याव्यात आणि वीजपुरवठाही स्वतंत्र असावा. कोणत्या सर्व्हरने कोणता साठा पाहावा, हे 'झोनिंग' व साठावाटप करून निश्चित करावे.

परीक्षा आणि मर्यादा

उभारणी पूर्ण होताच, नोंदींचे काम सुरू होण्यापूर्वी, एकेक केबल काढून, एकेक स्विच बंद करून काम चालू राहते की नाही, हे पाहावे. परीक्षा न झालेली पर्यायी वाट ही केवळ कागदावरची वाट होय. एक मार्ग बंद पडल्याची सूचना तत्काळ मिळेल, अशीही तजवीज हवी. अन्यथा दुसराही बंद पडेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

मात्र दोन वाटा म्हणजे दोन प्रती नव्हेत. चुकून पुसलेली नोंद चारही मार्गांनी पाहिली, तरी पुसलेलीच दिसेल. 21 जून 2012 रोजी मंत्रालयास लागलेल्या आगीत असंख्य कागदपत्रे भस्मसात झाली. म्हणून नोंदींची प्रत दूरच्या, पूररेषेबाहेरील ठिकाणी ठेवणे अगत्याचे आहे.

स्विच आणि केबली जोडणे हे तंत्रज्ञांचे काम. परंतु दुसरी वाट खरोखर स्वतंत्र आहे काय, तिची परीक्षा केव्हा झाली आणि प्रत कोठे आहे, हे तीन प्रश्न विचारणे प्रत्येक अधिकाऱ्याचे व लोकप्रतिनिधीचे कर्तव्य आहे.