पाण्याचे गणित आणि काळाची पायरी

लोणावळ्यानजीक इंद्रायणी नदीवरील भुशी धरण रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे, या हेतूने बांधण्यात आले. आज पावसाळ्यात तेथे पर्यटकांची मोठी गर्दी होते. ३० जून २०२४ रोजी धरणाच्या मागील बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून जाऊन मृत्युमुखी पडले. डोंगरउतारावरील ओढा काही मिनिटांत फुगतो. त्याचा अंदाज संगणकाने बांधावयाचा, तर काळ किती लहान तुकड्यांनी मोजावयाचा, हा प्रश्न निर्णायक ठरतो.

पायरी म्हणजे काय?

संगणक काळ अखंड मोजीत नाही. तो पायरीपायरीने पुढे जातो. जुन्या साठ्यात आवक मिळवून जावक वजा केली की नवा साठा मिळतो. समजा, एखाद्या तलावात दर सेकंदाला ३ घनमीटर पाणी येते व १ घनमीटर बाहेर पडते. ६०० सेकंदांच्या पायरीत साठा १,२०० घनमीटरने वाढेल. पातळी वाढताच सांडव्यावरून जाणारे पाणीही वाढते; म्हणून पुढील पायरीस जावक नव्याने काढावी लागते. पायरी तासाची धरल्यास जावक तासभर तीच मानली जाते आणि दहा मिनिटांची जोरदार सर सरासरीत बुडून जाते.

पायरीला कमाल मर्यादाही असते. कूरां, फ्रीड्रिक्स व लेव्ही या गणितज्ञांनी ती १९२८ मध्ये दाखवून दिली. ओढ्याचे ५० मीटरचे भाग पाडले आणि लाट सेकंदाला ५ मीटर धावत असली, तर सरळ पद्धतीच्या गणितात पायरी १० सेकंदांहून मोठी चालत नाही. अन्यथा आकडे भरकटतात. उलट, पायरी फारच लहान केल्यास आकडेमोड लांबते, आणि पूर ओसरल्यावर मिळालेला अंदाज निरुपयोगी असतो.

इंटरफेसचे महत्त्व

पावसाच्या गणिताची पायरी मिनिटांची, तर ओढ्याची सेकंदांची असू शकते. या दोन आज्ञावलींनी परस्परांशी बोलण्याची ठरलेली रीत म्हणजे इंटरफेस होय. त्यात मोजक्याच आज्ञा असाव्यात : आरंभ करा, अमुक वेळेपर्यंत पुढे चला, सद्यःस्थिती सांगा, समाप्त करा. ‘चार वाजेपर्यंत चला’ एवढेच सांगावे. किती पायऱ्या घ्यावयाच्या, हे त्या त्या आज्ञावलीने ठरवावे. शेवटची पायरी आखडून नेमकी चार वाजता थांबणे आणि पायरी फसल्यास मागे येऊन लहान पायरी घेणे, हेही तिचेच काम. अमेरिकेत विकसित झालेला ‘बेसिक मॉडेल इंटरफेस’ याच धर्तीचा आहे.

स्थानिक पातळीवर

सेकंदांची पायरी घेतली, तरी मोजलेला पाऊस त्या तोडीचा नसेल, तर उपयोग मर्यादितच राहतो. दररोज सकाळी साडेआठला घेतलेली २४ तासांची एकच नोंद ओढ्याच्या पुराविषयी फारसे सांगू शकत नाही. म्हणून पाऊस किती मिनिटांनी नोंदला जातो आणि इशारा ओढ्याकाठच्या माणसापर्यंत किती मिनिटांत पोहोचतो, हे दोन प्रश्न ग्रामपंचायतीने पावसाळ्यापूर्वीच विचारावयास हवेत.