सरहद्दीवरचा शिपाई आणि घरचे पत्र

शुभवर्तमान वाचणाऱ्यास रोमी शिपाई अपरिचित नाही. कफर्णहूमचा शताधिपती, कैसरियातील कर्नेल्य, पौलावर पहारा करणारे सैनिक, हे सर्व आपल्या ओळखीचे आहेत. परंतु या मनुष्यांना घरदार होते काय, थंडीत ते पायांत काय घालीत, कोणाच्या पत्राची वाट पाहत, हे आपल्या मनात क्वचितच येते. पौलाच्या काळानंतर सुमारे चाळीस वर्षांनी रोमी राज्याच्या उत्तर टोकास पहारा करणाऱ्या अशा शिपायांची हकीगत आज आपण पाहू. ती कोणा इतिहासकाराने रचलेली नसून त्यांच्या स्वतःच्या चिठ्ठ्यांतून मिळालेली आहे.

१. ठिकाण व माणसे

इ. स. ४३ साली रोमी सैन्याने ब्रिटन बेटावर स्वारी केली व हळूहळू तेथे आपला अंमल बसविला. या मुलखाच्या उत्तर हद्दीवर विंडोलांडा नावाचे एक ठाणे होते. हाद्रियान बादशहाने इ. स. १२२ च्या सुमारास याच भागात आपली प्रसिद्ध भिंत बांधावयास घेतली. ठाणे त्याहून जुने. तेथे पाऊस व बोचरा वारा यांची कमी नाही, आणि हिवाळ्यात दिवस फार लवकर मावळतो.

या ठाण्यातील शिपाई रोम शहराचे नव्हते. बटाव्ही लोकांची पलटण ऱ्हाइन नदीच्या मुखाकडून, म्हणजे हल्लीच्या नेदरलंड देशातून, आलेली होती. तुंग्री लोकांची पलटण हल्लीच्या बेल्जमकडची. हे दोन्ही मुलूख रोमच्या अंमलाखालचे. बटाव्ही लोकांनी तर इ. स. ६९ साली रोमविरुद्ध बंड केले होते व पुढच्या वर्षी ते मोडले गेले. म्हणजे एका अंकित प्रजेचे पुत्र दुसऱ्या अंकित प्रजेवर पहारा करीत होते. चाकरी पंचवीस वर्षांची असे, आणि तितकी वर्षे शिपायास कायदेशीर लग्न करण्याची मोकळीक नव्हती.

२. चिखलात राहिलेल्या चिठ्ठ्या

इ. स. १९७३ च्या मार्च महिन्यात रॉबिन बर्ली नावाच्या संशोधकास तेथील ओल्या मातीत लाकडाचे पातळ पापुद्रे सापडले. प्रत्येक पापुद्रा पोस्टकार्डाएवढा असून त्यावर शाईने लिहिलेले होते. मातीत पाणी मुरून राहिल्यामुळे हवा आत शिरली नाही व लाकूड कुजले नाही. पुष्कळ अक्षरे नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हती. ती विशेष प्रकारच्या छायाचित्रांच्या साहाय्याने वाचावी लागली. यांतील बहुतेक पापुद्रे आता लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आहेत.

३. चिठ्ठ्या काय सांगतात

एक पापुद्रा हजेरीपत्रकाचा आहे. तुंग्री पलटणीत एकंदर ७५२ माणसे होती. पैकी ४५६ बाहेर कामावर गेलेली व २९६ ठाण्यात हजर. हजर असलेल्यांपैकी १५ आजारी, ६ जखमी व १० डोळे आलेले. डोळे आलेले जखमींपेक्षा अधिक होते हे ध्यानात घ्यावे. शिपायाचे दुःख म्हणजे केवळ तलवारीचा घाव, असे आपण समजतो. पण त्याला दुखण्याशीही झगडावे लागते, आणि तेव्हा उशाशी बसावयास आई नसते.

काही चिठ्ठ्या रजेचे अर्ज आहेत. पलटणीचा सरदार फ्लाव्हियुस केरियालिस यास शिपाई विनवितात की, आपण मला रजा देण्यास योग्य समजावे. त्यांतील एकाने रजा मागितली ती कोरिया या जवळच्याच ठाण्यास जाण्यासाठी. घर समुद्रापलीकडे होते. थोड्या दिवसांच्या रजेत तेथे पोहोचणार कसे?

सरदारांची गोष्ट निराळी होती. केरियालिसची पत्नी लेपिदिना त्याच्याबरोबर ठाण्यात राहत असे. दुसऱ्या एका सरदाराची पत्नी क्लौदिया सेवेरा हिने तिला ११ सप्टेंबरच्या आपल्या वाढदिवसाचे आमंत्रण लिहिले, व शेवटच्या ओळी स्वतःच्या हाताने घालून तिला प्रेमाने भगिनी म्हटले. त्या एकाकी मुलखात एका सखीचे येणे केवढे मोलाचे होते, हे यावरून कळते.

सर्वांत हृदयस्पर्शी असे दोन पापुद्रे आहेत. एकात कोणीतरी कोणास कळविले आहे की, तुझ्यासाठी मोजे, वहाणांचे दोन जोड व आत घालावयाच्या दोन चड्ड्या पाठविल्या आहेत. पाठविणाऱ्याचे नाव राहिले नाही. त्याची आस्था मात्र राहिली. दुसऱ्यात सोलेम्निस नावाचा मनुष्य पारिस नावाच्या आपल्या बंधुवत सोबत्यास प्रथम आपली खुशाली कळवितो आणि मग रागे भरतो की, तू मला एकही पत्र पाठविले नाहीस. मीच तुझ्याहून बरा, कारण मी लिहीत आहे. एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हा रुसवा वाचून कोणास आपला दूर गेलेला मुलगा आठवणार नाही?

४. सावधगिरीची एक गोष्ट

एका टिपणात तेथील मूळ रहिवाशांच्या लढण्याच्या रीतीविषयी लिहिताना त्यांना तुच्छतेने ‘ब्रितुंकुली’, म्हणजे क्षुद्र ब्रिटन, म्हटले आहे. ज्या सैन्यातील माणसांच्या स्वतःच्या वाडवडिलांस रोमने जिंकले, त्याच सैन्यात दुसऱ्या जिंकलेल्यांविषयी असा शब्द निघाला! सोसलेले दुःख मनुष्यास आपोआप दयाळू करीत नाही. आपण ज्या गावावर पहारा करितो, तेही कोणाचे तरी घर आहे, हे शिपायाने विसरू नये.

५. आपल्यासाठी धडा

तीमथ्यास लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा शेवट आठवा. पौल त्रोवसात राहिलेला आपला झगा व पुस्तके मागवितो, आणि हिवाळ्यापूर्वी येण्याची विनंती करितो. एवढा थोर प्रेषित, पण त्यालाही थंडी वाजत होती व मित्राची वाट पाहावी लागत होती. तेव्हा मोजे मागणाऱ्या शिपायास कोणी दुबळा म्हणू नये.

आपल्या महाराष्ट्रातील कित्येक गावांतूनही तरुण पलटणीत गेले. इ. स. १९१५-१६ साली मेसोपोटेमियातील कूत येथील वेढ्यात मराठा पलटणीही होत्या, व उपासमारीने सर्वच शिपायांचे अतिशय हाल झाले. आजही घरापासून फार दूर, बर्फात पहारा करणारे आहेत. त्यांची थंडी आपल्याला घालविता येत नाही. पण आपले मौन आपल्याला मोडता येते. घरच्या म्हशीला पारडू झाले, विहिरीला पाणी आले, धाकटी वाचावयास लागली, एवढेही त्याला पुष्कळ आहे. घरात लिहिता येणारे कोणी नसेल, तर उपदेशकाने म्हाताऱ्या आईजवळ बसून तिच्याच शब्दांत लिहून द्यावे. हे हलके काम समजू नये. विंडोलांडाच्या त्या निनावी मनुष्याचे मोजे केव्हाच झिजून गेले असतील. ते पाठविल्याचे दोन शब्द मात्र अद्याप वाचले जात आहेत.

विचार करण्यासाठी प्रश्न

१. सोलेम्निसला राग का आला? असा राग आपल्यावर धरण्यास कोणास कारण आहे काय?

२. स्वतः सोसलेला मनुष्य दुसऱ्यास तुच्छ का लेखतो?

३. आपल्या गावातील कोण दूर आहे, आणि या आठवड्यात त्याला कोण लिहील?