वुजूचे पाणी आणि दारातील कुंडी

पवित्र कुरआनमध्ये अल्लाहने प्रत्येक सजीवाची निर्मिती पाण्यापासून केल्याचे सांगितले आहे (सूरह अल-अंबिया, आयत ३०). सूरह अल-मुल्कच्या अखेरच्या आयतीत तर माणसाला विचारले आहे की, हे पाणी जमिनीत खोल गेले तर ते पुन्हा आणून देणारा कोण?

आपल्याला हा प्रश्न वाळवंटातील लोकांसाठी आहे असे वाटते. पण मुंबईत वर्षाला पडणारा सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने परळ-लालबागच्या चाळी काय आणि नागपाडा-मदनपुऱ्याच्या इमारती काय, दूर शहापूर तालुक्यातील तानसा-भातसाच्या साठवलेल्या पाण्यावर जगतात. धोबीतलाव, गोवालिया टँक यांची केवळ नावे उरली, तलाव बुजले. क्रॉफर्ड मार्केटजवळची, १८०२ साली उभी राहिलेली जुम्मा मशीद मात्र आपल्या पोटात जुना तलाव सांभाळून आहे. पूर्वी तेथे बागा होत्या.

मदीनेतील एक निवाडा

मदीनेजवळील हर्रा भागात आदरणीय जुबैर (र.) यांची खजुराची बाग होती. पाण्याचा पाट प्रथम त्यांच्या बागेतून जाई, नंतर एका अन्सारी शेजाऱ्याकडे. वाद प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासमोर आला. प्रेषितांनी जुबैर (र.) यांना झाडांना पाणी देऊन ते शेजाऱ्यासाठी सोडण्यास सांगितले. शेजाऱ्याला हा निर्णय पक्षपाती वाटला आणि त्याने तसे बोलून दाखविले. तेव्हा प्रेषितांनी जुबैर (र.) यांना त्यांचा पूर्ण हक्क दिला, म्हणजे पाणी बांधापर्यंत भरेतो अडविण्याचा (बुखारी, मुस्लिम).

या हदीसमधील बारकावा ध्यानात घ्यावा. पहिला निर्णय हक्काहून कमी घेण्याचा, म्हणजे औदार्याचा होता. ज्याच्याकडे पाणी आधी येते त्याने गरजेपुरते घेऊन पुढे सोडावे, हीच त्यातील शिकवण आहे. आज पाटाच्या जागी नळ आहे. पाणी यायची वेळ ठरलेली असते. ज्याच्या घरी ते आधी चढते त्याने पिंपामागून पिंप भरीत राहिले, तर शेवटच्या खोलीतील माउलीच्या हंड्याचे काय?

एक मुद्द पाणी

प्रेषित (स.) एक मुद्द पाण्यात वुजू आणि एक साअ ते पाच मुद्द पाण्यात गुसल करीत. मुद्द म्हणजे आजच्या मापाने साधारण पाऊण ते एक लिटर, आणि चार मुद्दांचा एक साअ. एकदा नळाखाली टब ठेवून वुजू करून पाहावे. टबात साठलेले पाणीच आपल्याला आपला अपव्यय दाखवील.

ते पाणी टाकून देऊ नये. शाफिई मतानुसार, तसेच हनफी फिकहच्या ज्या मतावर फतवा आहे त्यानुसार, वुजूत वापरलेले पाणी पाकच असते. त्याने पुन्हा वुजू होत नाही, परंतु झाडाला ते निःशंक घालता येते.

दारातील बाग

खजूर त्या भूमीचे झाड होते. आपणही आपल्या मातीत रुळलेली झाडे निवडावीत. सब्जा, अबोली, अडुळसा, शतावरी आणि कोरफड कुंडीत सहज वाढतात. मुळे धरल्यावर त्यांना थोडे पाणी पुरते. मातीवर नारळाच्या शेंड्या किंवा सुका पाला पसरावा, म्हणजे ओल टिकते. मोठ्या कुंडीत न रंगवलेले लहान मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावे, पाणी झिरपत मुळांशी जाते. बोट मातीत खुपसून ओल लागली तर त्या दिवशी पाणी घालूच नये. साबणाचे पाणी टाळावे. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये, त्यात डास होतात. आणि खालच्या मजल्यावरच्या वाळत्या कपड्यांवर गळूही देऊ नये. शेजाऱ्याला उपद्रव देऊन केलेली बाग पुण्याची कशी ठरेल?

मुसलमानाने लावलेल्या झाडाचे काही माणसाने, पक्ष्याने वा जनावराने खाल्ले तर तो त्याच्यासाठी सदका ठरतो (बुखारी, मुस्लिम). गॅलरीतील सब्जाच्या बोंडांवर चिमणी बसली, तरी त्या घराच्या खात्यात नेकी जमा होते.

अल्लाह आपणा सर्वांना पाण्याचा मान राखण्याची व शेजाऱ्याचा हक्क ओळखण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.