विसार देण्याआधी

चि. मृणाल हिस,


तू पाठवलेले घराचे फोटो मामीने आणि मी निवांत बसून पाहिले. ओटी, पडवी, माजघर, वर माळा, मागे न्हाणी आणि वाडी. घर देखणं आहे, वाद नाही. दापोली तालुक्यात केळशीच्या बाजूला एवढं ऐसपैस घर पुण्याच्या फ्लॅटच्या पैशांत मिळतंय म्हटल्यावर कोणीही भुलेल. पण तू लिहितेस, "दलाल म्हणतो, चौघांच्या सह्या आत्ता होतील, बाकीच्या दोघांच्या मागाहून घेऊ." या एका वाक्यासाठी हे पत्र लिहायला बसलोय.

माझी सगळी नोकरी तलाठ्याच्या दप्तरात गेली, म्हणून सांगतो. कोकणातलं मोठं घर एकट्याचं क्वचितच असतं. आजोबांनी बांधलं, मुलं मुंबईला गेली, गणपतीला आणि शिमग्याला येत राहिली, आणि वाटणी तोंडीच राहिली. सातबाऱ्यावर सहा नावं असतात, त्यातले दोघे केव्हाच वारलेले असतात, त्यांचे वारस लागलेले नसतात. मग सहा सह्यांच्या चौदा व्हायला वेळ लागत नाही.

लेकींना तर कोणी मोजतच नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यात पूर्वी 23 वं कलम होतं. पुरुष वारस स्वतः वाटणी करायला बसत नाहीत तोवर राहत्या घराची वाटणी मुलींनी मागायची नाही, असं ते सांगायचं. ते 2005 साली गेलं, आणि त्याच दुरुस्तीने मुलगीही मुलासारखी जन्मापासून सहहिस्सेदार झाली. 9 सप्टेंबर 2005 ला बाप हयात नसला तरी तिचा हक्क बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. "इंदूरची आत्या काही मागणार नाही हो," असं विकणारा अगदी मनापासून सांगेल. खरंही असेल. तरी खरेदीखतावर तिची सही हवी, नाहीतर तिचं नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र हवं. फोनवरचा होकार चालत नाही.

चौघांचे हिस्से घेऊन टाकू, उरलेल्यांचं पुढे बघू, असं जावईबापूंच्या मनात असेल तर त्यांना मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं 44 वं कलम वाचायला दे. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्याने विकत घेतला, तरी त्या कुटुंबाबरोबर त्या घरात राहायचा हक्क त्याला मिळत नाही. त्याने वाटपाचा दावा लावायचा. आणि दावा लावला की 1893 च्या वाटप कायद्याप्रमाणे उरलेले हिस्सेदार कोर्टाने ठरवलेल्या किमतीला त्याचाच हिस्सा विकत मागू शकतात. म्हणजे पैसे तुमचे, घर त्यांचं आणि तारखा दोघांना.

आता जमीन. दलालाने तुला ग्रामपंचायतीचा उतारा आणि घरपट्टीची पावती दाखवली. ती कर भरल्याची पावती आहे, मालकीचा दाखला नाही. कोकणात बरीच घरं गावठाणात नसून शेतजमिनीच्या सर्व्हे नंबरात उभी आहेत. तसं असेल तर तू शेतकरी आहेस का, हा प्रश्न आधी येतो. कूळ कायद्याच्या 63 व्या कलमाने बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. तुझ्या वडिलांच्या माघारी वाईच्या शेतजमिनीवर तुझं नाव लागलं का? लागलं नसेल तर ती वारसनोंद आधी करून घे, केळशी पळून जात नाही. सातबारा ऑनलाइन मिळतो, पण नुसती वरची नावं वाचून थांबू नकोस. 'इतर हक्क' हा रकाना डोळ्यांत तेल घालून वाच. कूळ, सोसायटीचा बोजा, विहिरीतला दुसऱ्याचा हिस्सा, सगळं तिथेच असतं. आणि वाट! फोटोतली पाखाडी शेजाऱ्याच्या वाडीतून खाली उतरते असं मला दिसतंय. आज तो विकणाऱ्याला चुलत म्हणून जाऊ देत असेल, उद्या तुला का देईल? वाटेचा हक्क खरेदीखतात चतुःसीमेसकट लिहून घ्यायचा.

समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर सागरी किनारा नियमावली लागते. वाढीव खोल्या काढायचा बेत असेल तर सौद्याआधी विचारून घ्या.

घराकडे वळतो. मोठं घर राहत्या माणसांवर टिकतं. रोज चूल पेटायची तेव्हा धुराने वासे राखले जायचे आणि केरवारा करताना वाळवीची माती आठ दिवसांत नजरेला पडायची. बंद घरात ती नजरेला पडत नाही. तू जाशील तेव्हा शिडी आणि एक जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन जा. वाशाचं भिंतीवर टेकलेलं टोक, तिथेच पाणी मुरतं. टोचून बघ. लाकूड खणखणीत असेल तर स्क्रूड्रायव्हर आत जात नाही. गेलेलं असेल तर खारी बिस्किटासारखं भुगा होऊन खाली येतं, वरून रंग मात्र चकचकीत. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात त्या पट्ट्यातल्या घरांची कौलं उडाली आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. त्यानंतर छपरात काय नवं घातलं, कोणत्या लाकडाचं, हे विकणाऱ्याला नाही, शेजाऱ्याला विचार. वाडीतल्या पोफळी वादळानंतरच्या असतील तर उत्पन्नाच्या गप्पांना फारसा अर्थ नाही.

घर श्रावणात बघायचं आणि विहीर मेमध्ये. दलाल नेहमी डिसेंबरात नेतात, तेव्हा कोकणात सगळंच छान दिसतं. दरवर्षी पावसाआधी कौलं परतायला माणूस लागतो, आणि तो आता सहज मिळत नाही. नऊ खोल्यांचं छप्पर आणि तुम्ही येणार दिवाळी आणि मे महिन्यात. माझं स्पष्ट मत विचारशील तर तुमच्यापैकी कोणी वर्षातले चार-सहा महिने तिथे राहणार नसेल तर याहून निम्मं घर बघा.

आणखी एक. "देवघर देवांसकट मिळेल का" असं तू विचारलंस म्हणे. ते विचारू नकोस. देव त्यांचे, ते घेऊन जातील. तू तुझे देव मांड. शिमग्याला पालखी दाराशी यावी असं वाटत असेल तर गावकऱ्यांना आधी भेट, पालखी काही खरेदीखतात येत नाही.

त्या कुटुंबाचा वंशवेल, सातबारा, आठ-अ आणि निदान गेल्या तीस वर्षांचे फेरफार मागव आणि मला टपालाने पाठव, मोबाइलवर मला नीट दिसत नाही. मी पाहून झाल्यावर दापोलीतला वकील गाठून शोध अहवाल काढू, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊ. सगळ्या हिस्सेदारांची नावं कागदावर येईपर्यंत विसाराचा एक रुपयाही देऊ नकोस, रोखीने तर मुळीच नाही.

तुझा,
मामा